स्टाउटमधले ओट्स गेले कुठे?

प्रश्न : पुतण्या पुण्यात नोकरीला आहे. त्याच्याकडे गेलो असताना तो मला एका मायक्रोब्रुअरीत घेऊन गेला. तिथे त्याने ‘ओटमील स्टाउट’ नावाची काळी बिअर मागवली. तो आणि त्याचे मित्र आधी ग्लास हुंगत होते, मग एकेक घोट घेत होते आणि शेवटी त्यांनी कागदावर ५० पैकी ३४ गुण लिहिले. मला ती कोऱ्या कॉफीसारखी कडू लागली. ओट्सची चव शोधूनही सापडली नाही. काळी बिअर जास्त चढते का? ओट्समुळे ती पौष्टिक होते का? आणि सवय नसलेल्या माणसाला तिची पारख करता येते, की हे गुण देणं म्हणजे नुसती हौस?
– एक वाचक, लोधीखेडा, जि. पांढुर्णा

उत्तर : ओट्सची चव सापडली नाही, हे तुमचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. यात तुमच्या जिभेचा काही दोष नाही. या बिअरमध्ये ओट्स मुळात चवीसाठी घालतच नाहीत. ज्या कामासाठी ते घालतात ते काम झालंय का, हे पाहिलं की ओटमील स्टाउटची निम्मी पारख झाली. पण तिथवर जाण्याआधी रंगाचा घोळ मिटवू, कारण बरेचसे गैरसमज त्या काळ्या रंगातूनच निघालेले आहेत.

बिअरचा मुख्य दाणा म्हणजे सातू, म्हणजेच बार्ली. तो भिजवून त्याला मोड आणतात आणि गरम हवेवर वाळवतात. हा झाला माल्ट. माल्ट भरडून ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवला, की दाण्यातलीच एन्झाइम्स पिठाची साखर करतात. ते गोड पाणी गाळून हॉप्स नावाच्या कडवट फुलांबरोबर उकळतात, गार करतात आणि त्यात यीस्ट सोडतात. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतं. म्हणजे बिअर किती चढणार हे मुख्यतः ठरतं ते पाण्यात किती साखर उतरली आणि त्यातली यीस्टने किती खाल्ली यावर.

स्टाउटमध्ये या फिक्या माल्टबरोबर थोडा सातू २०० अंशांच्या वर, काळा होईपर्यंत भाजून घालतात. एकूण दाण्यांत त्याचा वाटा साधारण दहा टक्क्यांच्या आसपास, तरी सगळं पिंप काळं करायला तेवढा पुरतो. आता गंमत अशी, की इतक्या भाजलेल्या दाण्यात यीस्टला खाण्याजोगं फारसं काही उरतच नाही. तो रंग देतो, वास देतो, कडूपणा देतो, पण अल्कोहोलमध्ये त्याची भर नगण्य. म्हणून ओटमील स्टाउटमध्ये अल्कोहोल साधारण ४.२ ते ५.९ टक्के असतं, तर आपल्याकडे दुकानात मिळणारी सोनेरी ‘स्ट्राँग’ बिअर ६ ते ८ टक्क्यांपर्यंत जाते. काळ्या ग्लासाला घाबरून जो सोनेरी बाटली उघडतो, तो बहुतेक वेळा जास्त दारू पितो.

हा काळा दाणाही फार जुना नाही. १८१७ साली लंडनच्या डॅनियल व्हीलरने दाणे न पेटता एकसारखे काळे भाजणाऱ्या फिरत्या पिंपाचं पेटंट घेतलं. तोवर तिथली पोर्टर नावाची बिअर तपकिरी माल्टवर चालायची. व्हीलरच्या पिंपामुळे ब्रुअरला स्वस्तात रंग मिळू लागला, आणि पोर्टरमधूनच पुढे आजची स्टाउट आली.

तुम्हाला कॉफी लागली ती याच भाजण्यातून. त्या बिअरमध्ये कॉफी घातलेली असेलच असं नाही, बहुतेक नसतेच. कॉफीची बी असो की सातूचा दाणा, जोरात भाजल्यावर त्यातली साखर आणि प्रथिनं यांच्यात ज्या प्रक्रिया होतात त्या एकाच कुळातल्या असतात, आणि नाकाला दोन्हीकडे बरेचसे तेच रेणू भेटतात. खरी कॉफी किंवा कोको घातला असेल तर पाटीवर तसं लिहिलेलं असतं.

आता ओट्स. आपल्याकडे हे पीक जई म्हणून ओळखीचं आहे; रब्बीत जनावरांच्या चाऱ्यासाठी ती पेरतात. हा दाणा तीन गोष्टी जास्तीच्या आणतो : बीटा-ग्लुकन नावाचा चिकट तंतू, प्रथिनं आणि बरीच चरबी. यांतला काही भाग बिअरमध्ये उतरतो आणि तिला अंग देतो. कढीतल्या बेसनासारखं हे काम आहे. जेवताना कुणी ‘बेसन छान लागतंय’ म्हणत नाही, पण ते नसलं तर कढी फुटते आणि जास्त झालं तर तिचं पिठलं होतं. ओट्सचा वाटा म्हणूनच एकूण दाण्यांच्या ५ ते २० टक्क्यांत ठेवतात. त्याहून वाढवले तर घोट तेलकट, बुळबुळीत वाटतो, आणि चरबीमुळे फेस लवकर बसतो. शिवाय बीटा-ग्लुकनमुळे भिजलेल्या दाण्यांचा लगदा होऊन गाळणंच अडतं. त्यावर ब्रुअर भाताचं तूस मिसळतात, म्हणजे पाण्याला वाट राहते.

तेव्हा ओट्स शोधायचे ते चवीत नाही, स्पर्शात. घोट लगेच गिळू नका. तो तोंडात एकदा फिरवा, जीभ टाळूला लावून पाहा. पाण्यासारखा पातळ सरकतो की किंचित जड, मऊ वाटतो? गिळल्यावर जिभेवर मखमली थर क्षणभर राहतो का? राहत असेल तर तिथे ओट्स आहेत. चवीत त्यांचा माग लागलाच तर भाजलेल्या बिस्किटाचा, थोडा दाणेदार असा लागतो, पण तो इतका हलका असतो की अनुभवी लोकांतही त्यावर वाद होतात.

इथे दोन गोष्टी ओट्सचं सोंग घेतात, त्या ओळखून ठेवा. एक म्हणजे नायट्रोजन. काही ठिकाणी स्टाउट नळातून सोडताना नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण वापरतात. हे तंत्र गिनेस या स्टाउट बनवणाऱ्या कंपनीने १९५९ मध्ये बाजारात आणलं, आणि ते बसवणारा मायकेल ॲश मुळात गणिताचा माणूस होता. नायट्रोजनचे बुडबुडे फार बारीक असतात, म्हणून साधी स्टाउटही सायीसारखी वाटते. त्यामुळे बिअर नायट्रोजनवर आहे का, हे आधी विचारून घ्यावं. दुसरं सोंग फसवं आहे : डायअसिटिल. यीस्ट काम करताना लोण्याच्या वासाचं हे द्रव्य तयार करतं, आणि वेळ दिला तर स्वतःच परत शोषून घेतं. ब्रुअरने घाई केली की ते मागे राहतं. त्याने तोंडात तुळतुळीतपणा येतो आणि नवखा माणूस त्याला ‘वा, ओट्सचा मऊपणा’ म्हणतो. फरक नाकाला कळतो. पॉपकॉर्नवर घालतात त्या बनावट लोण्याचा वास आला, तर तो मऊपणा दोषातून आलेला समजा.

पौष्टिकतेचा समज जुना आहे आणि तो मुद्दाम पेरलेला आहे. १८९५ मध्ये स्कॉटलंडमधल्या अलोआ गावच्या मॅक्ले कंपनीने ओट्सच्या माल्टची स्टाउट काढली, आणि त्या काळात अशा बिअर आजाऱ्यांना, अशक्तांना बळ देणाऱ्या म्हणून विकल्या जात. नंतर कित्येक मोठ्या कंपन्या नावापुरते मूठभर ओट्स टाकत आणि लेबलवर तेवढं ठळक लिहीत. सत्य साधं आहे. ओट्समधला उपयोगी तंतू बराचसा गाळल्यावर उरणाऱ्या चोथ्यात राहतो, आणि तो चोथा गाई-म्हशींना घालतात. पौष्टिक वाटा त्यांच्याकडे गेला. ग्लासात राहतं ते अल्कोहोल, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला १९८८ मध्येच कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. बाळंतिणीला दूध यावं म्हणून स्टाउट पाजण्याची युरोपातली जुनी समजूतही अशीच निराधार. सकाळची ओट्सची लापशी आणि संध्याकाळची ओट्सची बिअर यांचा आरोग्याच्या खात्यात काही संबंध नाही. ज्यांना ग्लूटेन चालत नाही त्यांनाही ती चालत नाही, कारण मुख्य दाणा सातूच आहे.

विसाव्या शतकाच्या सत्तरीपर्यंत ही बिअर जवळपास नामशेष झाली होती. बिअरवर लिहिणारे इंग्रज लेखक मायकेल जॅक्सन यांनी १९७७ च्या आपल्या पुस्तकात तिची आठवण काढली. ती वाचून चार्ल्स फिंकेल या अमेरिकी आयातदाराने यॉर्कशायरमधल्या सॅम्युअल स्मिथ ब्रुअरीकडून १९८० मध्ये ती पुन्हा बनवून घेतली. आज जगभरातले छोटे ब्रुअर जी ओटमील स्टाउट बनवतात, तिचा नमुना बहुतांशी ती बाटली आहे. आपल्याकडे ही लाट पुण्यातून आली. सुकेतु तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी २००९ मध्ये पुण्यात ‘डूलाली’ सुरू केली, ती देशातल्या अगदी पहिल्या काही मायक्रोब्रुअरींपैकी एक. त्यानंतर पुण्या-मुंबईत गव्हाची, सफरचंदाची, काळी अशी नाना प्रकारची पेयं नळावर आली. तुमच्या भागाला जवळचं उदाहरण हवं असेल तर छत्तीसगडमधल्या दुर्गच्या ‘सिंबा’ने स्टाउट बाटलीत आणली.

आता त्या कागदाकडे येऊ. तो घरी बनवलेला खेळ नाही. अमेरिकेत १९८५ पासून बिअर परीक्षकांची एक परीक्षा घेतली जाते, आणि तिथल्या गुणपत्रिकेचा साचा जगभर वापरला जातो. वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५ आणि एकूण ठशाला १०. सगळे मिळून ५०. त्यात ३० ते ३७ म्हणजे ‘खूप चांगली’ : प्रकाराला धरून आहे, पण किरकोळ उणिवा आहेत. ३८ च्या पुढे ‘उत्कृष्ट’. पुतण्याच्या ३४ चा अर्थ एवढाच.

स्पर्शाला अवघे ५ गुण, आणि ओट्सचं काम तर स्पर्शाचं. मग ओट्स असले काय, नसले काय? मला वाटतं या बिअरचं मर्म इथेच आहे. अंग दाट असलं की भाजलेला कडूपणा टोचत नाही, गोडवा आणि कडू एकमेकांत मिसळतात. म्हणजे ओट्सची खरी कमाई चवीच्या त्या २० गुणांत दिसते. उलट, एखादी ओटमील स्टाउट जळक्या कोळशासारखी कडू लागत असेल आणि तो कडूपणा घशाला चिकटून राहत असेल, तर ओट्सनी आपलं काम केलेलं नाही, किंवा काळा दाणा जास्त पडलाय. तुम्ही ‘कोऱ्या कॉफीसारखी कडू’ लिहिलंत. हे परीक्षणच आहे, आणि कदाचित त्या टेबलावरचं सगळ्यात नेमकं. परीक्षकाला यापुढे एकच प्रश्न विचारायचा असतो : का?

कारणं बरीच असू शकतात, पण आपल्याकडे पहिलं कारण बहुधा बर्फ. बिअर म्हणजे दात आंबेपर्यंत गार, ही सवय हलक्या सोनेरी बिअरची. गारठ्यात गोडवा दबतो, वास बाहेरच येत नाही, आणि कडू तेवढं पुढे उरतं. स्टाउट १० ते १३ अंशांना चाखावी. ग्लास आल्यावर दहा-पंधरा मिनिटं तळव्यात धरून बसा आणि पुन्हा घोट घ्या. बिअर तीच, पण बहुतेक वेळा चव बदललेली असते.

दुसरं कारण पाणी. काळा दाणा आंबट असतो. पाण्यात बायकार्बोनेट असेल तर ते हा आंबटपणा मारतं. ज्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, तसल्या जड पाण्याचा हा गुण, आणि डब्लिनमध्ये स्टाउट रुजली त्यात तिथल्या पाण्याचा वाटा मोठा. शहरातल्या मायक्रोब्रुअरीत बहुधा आरओचं पाणी असतं. त्यात ब्रुअरने योग्य क्षार परत घातले नाहीत, तर स्टाउट चरचरीत आणि जळकी होते.

चाखण्याची रीत सोपी आहे. पन्नास-साठ मिलिलिटर पुरे. आधी वास, कारण ग्लास ठेवला की वास उडत जातो. मग ग्लास उजेडासमोर धरा. काळी दिसते, पण कडेला गडद लालसर-तपकिरी झाक असते. फेस बदामी आणि टिकाऊ हवा. तो झटकन मेला तर लगेच ओट्सच्या चरबीला दोष देऊ नका. ग्लासाला राहिलेला साबण किंवा तूपकट हात फेस त्याहून लवकर मारतात. मग घोट. गिळा, तोंड मिटा आणि नाकातून श्वास सोडा. आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग वासच असतो, आणि तो या मागच्या वाटेने नाकात पोचतो. वाइनचे परीक्षक घोट थुंकतात, बिअरचे सहसा गिळतात, कारण गिळल्यावर मागे काय उरतं यावर पारख अवलंबून असते. यात कुणी सांगेल की कडू जिभेच्या मागच्या भागालाच कळतं, गोड टोकाला. तो जिभेचा नकाशा चुकीचा आहे. १९०१ मध्ये हेनिग या जर्मन संशोधकाने मोजलेले बारीकसे फरक १९४२ मध्ये एडविन बोरिंगच्या पुस्तकात आलेखावर अवाजवी मोठे दिसले, आणि शाळेच्या पुस्तकांतून ते पसरले. सगळ्या चवी जिभेवर सगळीकडे कळतात.

दोषांपैकी लोणी सांगितलं. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बिअर हवा लागून शिळी झाली आहे. हिरव्या सफरचंदाचा आला तर ती कच्ची असतानाच विकायला काढली. उकळून ठेवलेल्या चहापत्तीसारखा तुरटपणा आला तर दाण्यांचं साल जास्त धुतलं गेलं. बेताचा, कॉफीचा असतो तसा आंबटपणा चालतो. दह्याचा किंवा व्हिनेगरचा आला तर नळाच्या नळ्या धुतलेल्या नाहीत असं समजावं.

तुमच्याकडच्या दोन सवयी मात्र बाजूला ठेवाव्या लागतील. खर्रा तोंडात असताना किंवा सावजी रश्श्यानंतर स्टाउटची पारख होत नाही. सुपारीचा तुरटपणा आणि मिरी-लवंगेचा जाळ जिभेवर बराच वेळ बसतो. चाखणा हवाच तर बिनमिठाचा पाव आणि पाणी. दुसरी सवय मोहाच्या दारूची. सातपुड्याच्या गावांत ती काडी लावून पारखतात : पेटली की कडक. बिअर ऊर्ध्वपातन केलेली नसते, त्यामुळे ती कधीच पेटत नाही आणि ही परीक्षा तिला लागूच पडत नाही. मोहाच्या बाबतीतही काडी फक्त कडकपणा सांगते, दारू सुरक्षित आहे का हे नाही. जीवघेणं मिथेनॉलही तसंच पेटतं.

पुतण्या एखादी बाटली बरोबर देईल तर तेवढं जपा. मद्याचा विषय राज्यांच्या अखत्यारीत आहे आणि लोधीखेडा तर मध्य प्रदेशात, महाराष्ट्राच्या सीमेला लागूनच. एका राज्यात कर भरलेली बाटली परवान्याशिवाय दुसऱ्या राज्यात नेणं गुन्हा ठरू शकतो. चाखायचं ते तिथेच चाखावं.

सवय नसलेल्याला पारख जमते का, याचं उत्तर तुम्हीच काढू शकता. पुढच्या वेळी पुतण्याला दोन बिअर मागवायला सांगा : एक ओटमील स्टाउट आणि एक साधी, ओट्स नसलेली. दोन्ही काळ्या, त्यामुळे डोळ्यांची मदत होणार नाही. त्याने तुमच्या पाठीमागे तीन छोटे ग्लास भरायचे, दोन एका बिअरचे आणि एक दुसरीचा, सगळे सारखेच गार. तुम्ही फक्त वेगळा ग्लास ओळखायचा. ब्रुअरीच्या प्रयोगशाळांत हीच त्रिकोणी चाचणी वापरतात. नुसत्या अंदाजाने तिनात एकदा उत्तर बरोबर येतं, म्हणून ग्लासांची जागा बदलून ती चार-पाच वेळा करा आणि प्रत्येक वेळी घोट जिभेने टाळूवर दाबून पाहा.